एक तास पाच मिनिटांवर बाबा

सोमवार, ३ मार्च

आजपासून रोजनिशी. उद्देश: घटनांची अचूक नोंद. पुढेमागे कोणी माझ्याबद्दल काही म्हणालं तर माझ्याकडे लेखी पुरावा असावा. (ही वही कोणी वाचणार नाही. तरी असावा.)

घटना अशी. शनिवारी बाबा बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दोन तास फरशीवर बसून राहिले. शेवटी भिंतीवर प्लास्टिकचा मग आपटून शेजाऱ्यांना कळवलं. मला रविवारी कळलं, तेही ताईकडून. ताई शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि घरातही तीच आहे. ती म्हणाली, बाबांनी तुला कळवलं नाही कारण मग हाताशी होता.

मग तिने निर्णय जाहीर केला. बाबांना आता एकटं ठेवायचं नाही, ती त्यांना आपल्याकडे घेऊन जाणार. बाबा फोनवरच होते. म्हणाले, मी काय सामान आहे का. त्यानंतर कोणीच बोलेना. मला असली शांतता सोसत नाही. मी म्हणालो, बाबा एकटे कुठे आहेत? मी आहे ना. मी एक तास पाच मिनिटांवर आहे.

ताई म्हणाली, कशावर?

हा आकडा मी कुठून तरी उचललेला नाही. आमच्या साइटवर आहे. आणि आमच्या साइटवरचे आकडे अकरा वर्षं मी तपासतो.

मंगळवार, ४ मार्च

ऑफिस. आमची साइट कोणत्याही दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाने लागणारा वेळ सांगते. माझ्या विभागाचं नाव ‘अचूकता’. विभागात मी एकटा आहे.

आकडा पुन्हा तपासला. नकाशावर आमचं शहर आणि बाबांचं शहर यांच्यामध्ये सरळ रेष: ४५५ किलोमीटर. विमानाचा सरासरी वेग ताशी ७८०. म्हणजे पस्तीस मिनिटं. अधिक चढ-उताराची तीस. एक तास पाच. कुठेही चूक नाही.

समोर नकाशा विभागातली मुलगी बसते. तिला मनात नकाशेवाली म्हणतो. तिने विचारलं, पण सर, या दोन शहरांमध्ये विमान जातं का? मी म्हणालो, तो आपला कॉलम नाही. ती म्हणाली, खरंय, आपण तर जिथे बससुद्धा वळत नाही तिथलाही विमानाचा वेळ देतो. कौतुकाने म्हणाली असावी.

बाबांकडे शेवटचा कधी गेलो होतो ते आठवून पाहिलं. वर्षभर झालं असेल. (दुरुस्ती: दोन वर्षं दोन महिने. बायकोने सांगितलं. तिला का विचारलं कोण जाणे.) स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, हे कमी आहे का? उत्तर: नाही. माणूस जवळ असला की ऊठसूट जाणं होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात आपण रोज कुठे जातो.

(दुरुस्ती: जातो.)

गुरुवार, ६ मार्च

ताईचा फोन. म्हणाली, राजा, तोंडी परीक्षा पुष्कळ झाली, आता प्रात्यक्षिक.

नियम: पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ती कधीही, न सांगता, मला फोन करणार आणि एकच शब्द बोलणार: निघ. मी निघायचं, बाबांच्या घरी पोहोचायचं आणि बाबांच्या फोनवरून तिच्याशी बोलायचं. वेळेत पोहोचलो तर बाबा त्यांच्या घरी राहतील, ती पुन्हा विषय काढणार नाही. नाही पोहोचलो तर ती बाबांना घेऊन जाईल आणि मी तोंड उघडायचं नाही. बाबांनाही हे मान्य आहे म्हणे.

वेळ किती, मी विचारलं. म्हणाली, दहा तास.

दहा तास! दहा तास म्हणजे बस. बसला नऊ लागतात. मला बसमध्ये बसवून वर तासाभराचे कृपागुण. अकरा वर्षं अचूकता सांभाळलेल्या माणसाला! मी म्हणालो, चार पुरे. ती म्हणाली, नीट विचार कर, आठ घे. मी म्हणालो, चार. ती म्हणाली, अरे, बाबांचा प्रश्न आहे, लिलाव नाही चाललेला. मी ठाम राहिलो. चारवर ठरलं.

बायको ऐकत होती. म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केलीस, तीही स्वतःच्या विरुद्ध. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. टोचायची सवय आहे.

झोपण्यापूर्वी स्वतःला विचारलं, यात माझा अहंकार तर नाही ना? पूर्ण पाच मिनिटं विचार केला. नाही.

शनिवार, ८ मार्च

तयारी सुरू. एक बॅग कायमची दाराशी. आत: दोन शर्ट, टूथब्रश, चार्जर, ओळखपत्राच्या तीन प्रती, पाण्याची बाटली (रिकामी, विमानतळावर भरलेली चालत नाही. असे बारकावे इतरांना सुचत नाहीत.)

बायको बॅगेला अडखळली. म्हणाली, हेच दोन वर्षांपूर्वी दाराशी ठेवून उचललं असतंस तर? मी बॅग चार इंच डावीकडे सरकवली.

रविवार, ९ मार्च

घर ते विमानतळ, रंगीत तालीम. सकाळी सात वाजता टॅक्सी. सव्वीस मिनिटं! विमानतळाला हात लावल्यासारखं केलं आणि परत आलो. टॅक्सीवाल्याने विचारलं, काही राहिलं का साहेब? मी म्हणालो, नाही, झालं.

हिशेब: टॅक्सी २६ मिनिटं, विमानतळावर ४५, विमान १ तास ५, तिथून बाबांचं घर २५. एकूण २ तास ४१ मिनिटं. चारमध्ये सव्वा तास उरतो. वाटेत बाबांसाठी काही घेता येईल.

बुधवार, १२ मार्च

बाबांशी फोनवर बोललो. मी आपण होऊन केला. (ताईने सांगितल्यावर.)

बाबांनी चौतीस वर्षं बस चालवली. आता रोज दुपारी चार वाजता डेपोत जातात. फलाटांसमोर एक बाक आहे. त्यावर बाबा, हॉर्नकाका आणि कंडक्टरकाका. हॉर्नकाका म्हणजे बाबांच्या बरोबरीचे ड्रायव्हर. वळणाच्या अलीकडे दोनदा आणि पलीकडे एकदा हॉर्न वाजवणारे म्हणून प्रसिद्ध. तिघं मिळून, नवीन ड्रायव्हर गाडी मागे घेऊन फलाटाला कशी लावतात ते बघतात आणि दहापैकी मार्क देतात. उजव्या आरशात बघितलं, एक मार्क. डाव्यात बघितलं, एक मार्क. एका दमात लावली तर तीन. मान बाहेर काढली तर कंडक्टरकाका एक कापतात. पोरांनाही ठाऊक आहे. गाडी लावली की खाली उतरून आधी बाकाकडे बघतात, मग डबा काढतात. दहा आजवर कोणालाच नाहीत.

हे सगळं बाबा वीस मिनिटं सांगत होते. एरवी फोनवर ‘हं, बरं आहे, ठेव’ एवढंच बोलतात. मग म्हणाले, ताईकडे खाली बाग आहे. बागेत म्हाताऱ्यांचा हसण्याचा क्लास असतो. या वयात मला ती हसायला शिकवणार.

पुढे म्हणाले, पावणेसातच्या बसने ये. त्या ड्रायव्हरला आम्ही साडेआठ दिलेत. मी हसलो. म्हणालो, बाबा, चार तासांत यायचंय. त्यांनी विचारलं, चार कोणी ठरवले? मी म्हणालो, मी. ते म्हणाले, बरं.

त्या ‘बरं’मध्ये मला विश्वास जाणवला.

शुक्रवार, १४ मार्च

एक किरकोळ बाब. बाबांच्या शहराला थेट विमान रोज नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सव्वानऊला, एकच. नकाशेवालीने सहज बघून सांगितलं. मीही बघणारच होतो.

सातपैकी तीन, म्हणजे ४२.८६ टक्के. दोन दशांश स्थळांपर्यंत काढल्यावर बरं वाटलं.

प्रश्न: हे ताईला सांगावं का? नकाशेवाली म्हणाली, सर, फोन करा आणि सरळ आठ तास मागून घ्या, त्यात काय लाजायचं? मी नीट विचार केला. परीक्षकाला अशी माहिती देणं म्हणजे पेपरवर वजन टाकणं. ते माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय चारचे आठ केले तर मी माघार घेतली असं दिसेल. (घेतली असती असं नाही. दिसेल.)

उरलेल्या चार दिवसांसाठी पर्यायी मार्ग काढला. बाबांच्या शहराच्या पलीकडे एक मोठं विमानतळ आहे, तिथे जाऊन उलटं यायचं. आमच्या साइटप्रमाणे जाणं १ तास ५०, परत येणं १ तास १०. बरोबर तीन तास! एक तास हाताशी राहतोच.

नकाशेवाली म्हणाली, आणि मधे थांबण्याचा वेळ? मी म्हणालो, तो आपला कॉलम नाही.

सोमवार, १७ मार्च

पहाटेपासून बूट घालून बसलो. फोन आला नाही. ऑफिसला बूट घालूनच निघालो, तेवढा वेळ वाचला.

बुधवार, १९ मार्च

आज येणार अशी खात्री होती. सव्वानऊपर्यंत आंघोळ केली नाही, कारण फोन नेमका तेव्हाच येतो. बायको लॅबमधून फोन करून म्हणाली, आलाय का? मी म्हणालो, ताईचा का? ती म्हणाली, नाही, वास. शेजारी तक्रार करतायत का विचारत होते.

ताई हुशार आहे. ती शुक्रवारी करणार. उद्या निवांत.

गुरुवार, २० मार्च

सकाळी ७:०५. फोन. निघ. ठेवला.

७:०६. गुरुवार. हे अपेक्षितच होतं. (५७.१४ टक्के.)

७:१९. बॅगेतले शर्ट बायकोने धुवायला टाकलेत. मला विचारलं होतं म्हणे. टूथब्रश आणि रिकामी बाटली घेऊन निघालो.

७:५५. अजून टॅक्सीत. रविवार आणि गुरुवार यांत रस्ता तोच असला तरी फरक पडतो असं दिसतं. टॅक्सीवाला म्हणाला, साहेब, शाळा-ऑफिसची वेळ आहे. एवढं साधं कोणीतरी आधी सांगायला हवं होतं.

८:२५. विमानतळ. काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं, पलीकडच्या शहराचं विमान ९:४०ला आहे, जागा आहे. तिथून उलट यायचं विमान दुपारी ४:२०ला. मी म्हणालो, काहीतरी चुकतंय, आमच्या साइटवर दोन्ही मिळून तीन तास आहेत. त्या म्हणाल्या, मग तुम्ही साइटवरच बसा.

उद्धट. नाव टिपून घेणार होतो. मागे रांग होती.

तिकीट काढलं. कारण निघालो नाही असं कोणी म्हणायला नको.

९:५२. दार बंद. खिडकीची जागा.

१०:५६. अत्यंत महत्त्वाची नोंद.

खाली बाबांचं शहर! नदीचं वळण, पाण्याची टाकी, आणि पत्र्याचं लांबलचक छप्पर: डेपो. दार बंद झाल्यापासून एक तास चार मिनिटं. सूत्र बरोबर आहे! एक मिनिट आधीच! आणि ताईच्या फोनपासून तीन तास एक्कावन्न मिनिटं. मी चार तासांच्या आत बाबांच्या घराशी पोहोचलो. आडवं अंतर शून्य. उभं अंतर दहा किलोमीटर, पण उभ्या अंतराबद्दल नियमात काहीही म्हटलेलं नाही.

शेजारचे गृहस्थ म्हणाले, डेपो कसला, पोल्ट्री आहे ती. त्यांना काय माहीत.

खिडकीतून फोटो काढला, वेळेसकट. एअर होस्टेसला विनंती केली की कॅप्टनकडून आपण नेमके कुठे आहोत ते लिहून आणावं. तिने पाणी आणलं.

११:०५. चार तास संपले. विमान सरळ चाललंय. बाबांचं शहर मागे राहिलं.

दुपारी १२:१०. पलीकडचं विमानतळ. फोन सुरू केला. ताईचा मेसेज, ११:०१: मानलं तुला.

तीनदा वाचला. माझा फोटो अजून कोणालाच गेलेला नाही. बाबांना फोन लावला. बाबा दबक्या आवाजात म्हणाले, तू आंघोळीला गेलायस. सारखा फोन करू नकोस. आणि ठेवला.

मी विमानतळावर होतो. आंघोळीची सोय नव्हती.

५:०५. विमानाने पाऊण तास उशिरा उड्डाण केलं. त्याला मी जबाबदार नाही.

संध्याकाळी ७:१५. बाबांच्या दारात. एकूण १२ तास १० मिनिटं. बसने नऊ लागतात. (नोंद म्हणून. तुलना म्हणून नाही.)

शुक्रवार, २१ मार्च

काल काय झालं ते आता नीट कळलंय.

सकाळी ताईने मला फोन केल्यावर बाबांनाही कळवलं. बाबांनी लगेच दोन्ही काकांना बोलावून घेतलं. तिघं घड्याळासमोर बसले. साडेदहा वाजता कंडक्टरकाकांनी विमानतळाला फोन करून विचारलं. आज विमानच नाही असं कळलं. बाबा उठून आत गेले आणि कपाटातली बॅग काढायला लागले. हॉर्नकाका म्हणाले, थांब जरा. १०:५५ला बाबांनी ताईला फोन लावला. म्हणाले, आलाय हा. ताई म्हणाली, द्या त्याला. हॉर्नकाकांनी फोन घेतला, खोकले, म्हणाले, हं ताई, पोहोचलो. ताई म्हणाली, आवाज काय झालाय तुझा? बाबा मागून ओरडले, विमानातला एसी! आंघोळीला जाऊ दे त्याला!

हे सांगताना तिघं इतके हसले की कंडक्टरकाकांना ठसका लागला. काल मी पोहोचताच बाबांनी मला दारातून आत ओढलं आणि म्हणाले, हळू बोल, तू सकाळपासून घरातच आहेस.

त्यांनी माझ्यासाठी जेवण झाकून ठेवलं होतं. दुपारचं. त्या वेळी ठेवलं, म्हणजे दुपारी त्यांना वाटत असावं की मी... (हे वाक्य पूर्ण करायचं नाही. अंदाज म्हणजे नोंद नव्हे.)

बाबांच्या गुडघ्याला अजून सूज आहे. बाथरूममध्ये दोन्ही काकांनी स्वतः दांडी बसवली आहे, बसमध्ये असते तशी पिवळी.

मी त्यांना फोटो दाखवला. १०:५६. बाबांनी चष्मा लावून बघितला. म्हणाले, ढग छान आलाय.

सकाळी बाबा म्हणाले, आज राहा की. चारला डेपोत चल, तुलाही मार्क द्यायला बसवू. पण अकराला थेट विमान होतं. शुक्रवार ना! परतीला बरोबर एक तास दहा. (जादा पाच मिनिटं वैमानिकाची.)

रविवार, २३ मार्च

ताईचा फोन. म्हणाली, राजा, मी तुला ओळखलं नव्हतं. आता बाबा तिथेच राहू देत, मी शब्दाची पक्की आहे. भाऊजी मागून म्हणाले, तीन तास पन्नास मिनिटं, कमाल आहे बुवा.

मी हं हं केलं. खोटं बोललो नाही. फक्त बोललो नाही.

बाबांचा मेसेज: आज एका पोराला नऊ दिले.

सोमवार, २४ मार्च

झोप लागली नाही. माझं सगळं काम अचूकतेचं, आणि माझ्याच नावावर एक खोटा आकडा. तीन तास पन्नास. तो माझा नाही, हॉर्नकाकांचा आहे. माझा तीन तास एक्कावन्न आहे, आणि तो खरा आहे, आणि तो कोणालाच माहीत नाही.

बायकोला म्हणालो, मला ताईला खरं सांगावंसं वाटतंय. तिने सुई खाली ठेवली (शर्टाला बटण लावत होती) आणि म्हणाली, खबरदार. बाबा खूश आहेत, ताई खूश आहे, तीन म्हाताऱ्यांनी मिळून तुला वाचवलंय. गप्प बसणं एवढं एकच काम आहे तुझ्याकडे.

तिचं म्हणणं व्यवहाराचं आहे. पण व्यवहार आणि सत्य यांत निवड करायची वेळ आली की मी पहिल्यापासून... (तपासून बघावं लागेल.)

मंगळवार, २५ मार्च

पाठवलं.

रात्रभराच्या विचारानंतर मन स्वच्छ होतं. लिहिलं की प्रत्यक्ष दारात पोहोचायला १२ तास १० मिनिटं लागली, फोनवर मी नव्हतो. मात्र सोबतच्या फोटोवरून सिद्ध होतं की तीन तास एक्कावन्नाव्या मिनिटाला मी घराच्या बरोबर वर होतो, सबब नियमाचा आशय पाळला गेला आहे, आणि बाबांना तिथे राहू देण्याचा निर्णय आता खोट्यावर नव्हे तर भक्कम पुराव्यावर उभा राहील. नकाशा जोडला. सूत्र जोडलं.

आडपडदा नको म्हणून फक्त ताईला न पाठवता घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. काका, आत्या, मामा, ताईच्या सासूबाई, सगळे आहेत त्यात. एकूण एकतीस.

हलकं वाटतंय. ताईला धक्का बसेल, पण ती प्रामाणिकपणाची कदर करणारी बाई आहे.

बुधवार, २६ मार्च

ग्रुपवर आत्याने विचारलं, म्हणजे बाबा पडले तर वरून दिसतील का?

ताईचा फोन सकाळी. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, मला माहीत होतं. हॉर्नकाकांचा आवाज मी चार वर्षांची असल्यापासून ऐकतेय, मला काय ओळखू येणार नाही? पण मला वाटलं, तीन म्हातारे एकमेकांसाठी एवढं नाटक करतात, सकाळी बोलावलं तर अर्ध्या तासात येतात, म्हणजे बाबा एकटे नाहीत. तू नसलास तरी. म्हणून मी फसले. मुद्दाम फसले. आता तू एकतीस जणांना लेखी दिलंस की त्यांच्याकडे यायला तुला बारा तास लागतात. उद्या काही झालं तर सगळे मला विचारतील, तुला ठाऊक होतं ना? काय सांगू? सांग, काय सांगू?

मी म्हणालो, फोटो बघितलास का?

तिने फोन ठेवला.

शुक्रवार, २८ मार्च

ठरलं. ताई रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन बाबांकडे येणार, सामान भरणार, सोमवारी सकाळी त्यांना घेऊन निघणार.

बाबांना फोन केला. रागावले असतील असं वाटलं होतं. म्हणाले, नाही रे. तुझा स्वभावच सरळ. मी विचारलं, काकांना सांगितलं का? म्हणाले, हो. मग म्हणाले, गॅसवर काहीतरी आहे, ठेवतो. बाबा दुपारी तीनला गॅसवर काही ठेवत नाहीत.

बायको दोन दिवस माझ्याशी फक्त ‘मीठ दे’ एवढंच बोलते.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. पाच मिनिटं ठरवली होती, पंधरा लागली. चूक झाली असेल तर ती चारवर अडून बसण्यात झाली, किंवा शुक्रवारी न राहण्यात झाली, किंवा ग्रुपवर टाकण्यात. नेमकी कोणती, ते अजून वेगळं करता आलेलं नाही. शनिवारी ऑफिसला सुट्टी आहे, तेव्हा करतो.

निर्धार: रविवारी मी स्वतः जाणार. बसने. पावणेसातची, पावणेचारला पोहोचते. बाबांचं सामान बांधायला मी असणार. चारला त्यांच्याबरोबर डेपोतल्या बाकावर बसणार, शेवटचं. या वेळी आधी कोणालाही काही सांगणार नाही, म्हणजे चुकायला जागाच नाही.

रविवार, ३० मार्च

पावणेसातची बस. पाय अवघडले. वाटेत दोन थांबे. ड्रायव्हर शांत, एकदाही करकचून ब्रेक मारला नाही. पावणेचार म्हणजे पावणेचारला डेपोत. मी खिडकीतून बघत होतो. दोन्ही आरसे, एका दमात, फलाटापासून चार बोटांवर.

उतरलो. समोर बाक. हॉर्नकाका, कंडक्टरकाका. बाबा घरून निघाले नसतील अजून, असं वाटलं. मी म्हणालो, या वेळी वेळेवर आलो काका. मी बाबांना घेऊन येतो.

हॉर्नकाका म्हणाले, ताई पहाटेच आली. नऊला निघाले सगळे. सामान काही फार नव्हतं.

मी विचारलं, मला का नाही कळवलं?

कंडक्टरकाकांनी हॉर्नकाकांकडे बघितलं. हॉर्नकाका म्हणाले, आम्ही म्हटलं होतं, पोराला कळवू या. तर तुझा बाप म्हणाला, नको, उगाच निघेल.

मी तिथेच उभा राहिलो. ताईचं शहर इथून किती लांब, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

हॉर्नकाका म्हणाले, बाळा, जरा बाजूला हो. गाडी लागतेय, दिसत नाहीये.

बाजूला झालो.